तेविसावी कुऱ्हाड

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कुऱ्हाडीचं डोकं दांड्यातून निसटलं आणि एका माणसाचा गुडघा फोडून गेलं. कुऱ्हाड आमच्या शेडमधून गेलेली. दांडा ह्यांनी बसवलेला.

ही वही मुलीने दोन वर्षांपूर्वी दिली होती. म्हणाली, आई, मनातलं लिहीत जा. मनात असायचं काय, स्वयंपाक आणि ह्यांची कटकट, म्हणून कोरीच राहिली. आज घरात बोलायला कोणी नाही, कारण हे भिंतीकडे तोंड करून पडलेत.

अकराच्या सुमाराला मुकादम आला. रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्या टोळीचा मुकादम. अठ्ठावीस वर्षं त्या टोळीच्या कुऱ्हाडी आणि कोयते ह्यांच्याकडेच येतात. गंजून लाल झालेली पाती, चिरलेले दांडे, सगळं येतं. हे गंज काढतात, धार लावतात, नवा दांडा घडवून आत घालतात, वरून पाचर ठोकतात, की ती कुऱ्हाड आणखी दहा वर्षं चालायला मोकळी. मुकादम एरवी आला की आधी चहा मागतो. आज दारातच उभा राहिला.

टोळीत दोघे सख्खे भाऊ आहेत. थोरला झाडावर चढतो, धाकटा खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करतो. थोरला उतरून दोर गुंडाळत होता, सहा पावलांवर. धाकट्याने घाव घालायला कुऱ्हाड उचलली आणि डोकं मागच्या मागे उडालं. धाकट्याच्या हातात नुसता दांडा राहिला. मुकादम म्हणाला, "वहिनी, तो दांडा हातात घेऊन तसाच उभा. त्याला कळलंच नाही डोकं कुठे गेलं ते."

ह्यांनी कानस खाली ठेवली. "दांडा माझा," एवढंच म्हणाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. हे आले नाहीत. थोरल्याच्या गुडघ्याची वाटी फुटली आहे. शस्त्रक्रिया झाली, आता झाडावर चढायचं की नाही ते देवाला ठाऊक. त्याची बायको मला बघून उठून उभी राहिली आणि बसा म्हणाली. मला तिच्या त्या बसा म्हणण्याचीच लाज वाटली.

धाकटा जिन्यात बसला होता, कालच्याच कपड्यांत. मी म्हटलं, काही खाल्लंस का. तर म्हणतो, "काकू, मी काही वेगळं केलं नाही हो. रोज मारतो तसाच मारत होतो." पंचविशीचा दांडगा पोरगा, पण तोंड एवढंसं झालंय.

घरी आले तर ह्यांनी चहा अर्धाच पिऊन ठेवलेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे शेडकडे फिरकलेले नाहीत. मला राग येतोय आणि कोणावर काढू ते कळत नाही, म्हणून दोन वेळा फरशी पुसली.

खरं सांगायचं तर वर्षभरापासून ह्यांचं काहीतरी बिनसलंय. म्हातारचळ म्हणावा तर वय काही फार नाही, चौसष्ट. चहा अर्धा कपच मागतात. चार वेळा मागतील, पण दर वेळी अर्धाच. दाढी घरी करायचे, आता दर दोन दिवसांनी न्हाव्याकडे जातात. मी म्हटलं, एवढं नटून कोणाला भुलवायचंय. हसले नाहीत. पूर्वी पाचर ठोकताना मला हाक मारायचे, जरा दांडा धर म्हणून. आता शेडचं दार आतून लावून घेतात. मला वाटलं, परत विडी सुरू केली असणार. वास घेत बसले दोन महिने, पण वास काही आला नाही.

आणि बादल्या. धार लावताना पातं तापतं, ते गार करायला एक बादली पाणी लागतं, ते मी कायम भरून ठेवते. गेलं वर्षभर दोन लागतात. एक पुरत नाही का म्हटलं तर खेकसले. ठीक आहे, भरते दोन. माझे हात काही झिजत नाहीत.

पण एक मी छातीठोक सांगते. कामात हा माणूस कधी चुकलेला नाही. ह्यांनी बसवलेलं डोकं असं उडणार नाही. काहीतरी दुसरंच झालंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मला कारण सापडलं.

मुकादमाकडून ती कुऱ्हाड मागून आणली, डोकं वेगळं, दांडा वेगळा, जुन्या पोत्यात गुंडाळून. ह्यांना दाखवली नाही. शेडमध्ये खिडकीपाशी धरून बघितली. अठ्ठावीस वर्षं दांडे धरलेत मी, मला काही डोळे नाहीत असं नाही.

दांड्याचं जे टोक डोक्याच्या भोकात जातं ते काळं पडलेलं. नुसतं काळं नाही, चेपून आकसलेलं, भुसभुशीत. भोकाच्या आत ताजा गंज. पाचर दोन बोटांनी ओढली तर निघाली.

हे पाण्याचं काम आहे. येईल त्या गिऱ्हाईकाला हे ओरडून सांगायचे, डोकं सैल झालं तर माझ्याकडे आणा, पण पाण्यात टाकू नका. लाकूड पाण्याने फुगतं, लोखंड काही सरकत नाही, मग लाकूड आतल्या आत चेपतं. ओलं आहे तोवर दगडासारखं घट्ट. वाळलं की पहिल्यापेक्षा सैल, आणि ते कधी सुटेल ते कोणाला सांगून सुटत नाही. एकदा तर एका माणसाने बादलीतून आणलेली कुऱ्हाड ह्यांनी त्याच्या अंगावर फेकायचीच बाकी ठेवली होती.

म्हणजे टोळीतल्या कोणीतरी टाकली. कोणीतरी कशाला, ज्याच्या हातात रोज असायची त्यानेच. एवढा जीव हलका झाला की शेडमध्येच खाली बसले आणि रडले.

९ नोव्हेंबर, रविवार

काल मुकादमाच्या आवारात सगळी टोळी जमली होती. मी पोतं उघडलं आणि दाखवलं. काळं टोक, गंज, बोटांनी निघणारी पाचर. म्हटलं, ह्यात माझ्या माणसाचा दोष शोधून दाखवा. मग एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या.

तो म्हणाला, "मी कधीच पाण्यात टाकली नाही. काकांनी शंभरदा सांगितलंय." ततपप करत होता. मी म्हटलं, मग काय ती आपल्या पायांनी चालत बादलीत गेली? लोक हसले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, उठून बसतील. "असू दे," म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले. सुटले बिचारे, मला वाटलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं की माणूस असाच गळून जातो. काल दुपारभर गाढ झोपले असावेत, हाक मारली तरी वळले नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

थोरल्याची बायको घरी आली होती, क्षमा मागायला. आमच्या माणसाने तुमच्या माणसावर आळ आणला म्हणाली. मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही. धाकट्याला घरात घेत नाही म्हणाली. थोरला दवाखान्यातल्या पलंगावरून ओरडतो, माझा पाय घेतलास तो घेतलास, वर खोटं बोलतोस. टाकली म्हण आणि मोकळा हो. पण तो कबूल करत नाही. शाळेपासून असाच आहे म्हणाली, मार खाईल पण ऐकणार नाही.

हे आत होते. तिचा आवाज ऐकून बाहेर येतील असं वाटलं होतं, पण आले नाहीत. ती गेल्यावर मी आत बघितलं तर पलंगाच्या कडेवर बसलेले, दोन्ही हात मांडीखाली घातलेले, लहान मुलं बसतात तसे. थंडी वाजतेय का विचारलं. हो म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते, म्हणजे मला तरी कळेल.

मुकादम म्हणाला होता, वहिनी, चांगला दांडा आतून कसा दिसतो तेही एकदा पोरांना दाखवा, म्हणजे पुढे कोणी असला उपद्व्याप करणार नाही. मला भारी वाटलं. शेडमध्ये फळीवर डॉक्टरीणबाईंची हातकुऱ्हाड आहे. त्यांच्या आजोबांची, ह्यांनी गंज काढून आरशासारखी केलेली, तयार होऊन महिना झाला, बाईंना न्यायला वेळ नाही. म्हटलं, ही उघडू, दाखवू, मग हे परत बसवतील, तेवढाच हाताला चाळा.

डोकं लाकडी ठोकळ्यावर धरून खालून चार ठोके दिले. खरं तर असा दांडा काढायला दुपार जाते. तो चौथ्या ठोक्याला निघाला.

टोक काळं.

ही कुऱ्हाड शेडच्या बाहेर गेलेलीच नाही.

पहिल्यांदा म्हटलं, छप्पर गळतंय. वर बघितलं, पत्रा कोरडा ठणठणीत. मग म्हटलं, ओल धरली असेल भिंतीला. फळी भिंतीपासून वीतभर लांब. मग खालच्या फळीवरची दुसरी घेतली, कोणा शेजाऱ्याची. तीही काळी. तिसरा एक लांब दांड्याचा कोयता होता, तोही तसाच.

मी वळले तर दाराशी माझ्या दोन बादल्या. दोन्ही मीच भरलेल्या. एकीच्या काठावर आतून गंजाची तांबडी रेघ, बरोबर कुऱ्हाडीचं डोकं बुडेल एवढ्या उंचीवर.

मी त्या रेघेवरून बोट फिरवलं, बोट तांबडं झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल विचारलं नाही. आज सकाळी चहा केला आणि मुद्दाम काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. क्रूरपणा होता, कबूल आहे.

अर्धा चहा बशीत, उरलेला त्यांच्या शर्टावर. कप दातांवर वाजत होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर चाललं होतं आणि मी विडीचा वास शोधत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि बादली?"

"तेव्हापासूनच." "पाचरीवर तीन घाव लागतात. तिन्ही एकाच जागी. माझा एक बसतो, बाकीचे भलतीकडे जातात. पाचर अर्धीच जाते. डोकं हातात डुगडुगतं. पाण्यात ठेवलं की घट्ट लागतं."

"तुम्ही लोकांवर ओरडायचात ह्यासाठी."

"ठाऊक आहे मला, कशासाठी ओरडायचो ते."

"मग मला का नाही हाक मारली? मी ठोकली असती."

त्यांनी बशी जमिनीवर ठेवली. मी म्हटलं, बरं, ते राहू दे. मी त्या पोराला चारचौघांत खोटारडा ठरवून आले, घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तरी बोलायचं ना.

"तू इतकी खूश होतीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी असं भांडून आलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं."

मी त्यांना मारलं नाही एवढंच. शेडमध्ये गेले आणि दोन्ही बादल्या अंगणात ओतल्या. परत आले तर शर्ट तसाच ओला घालून बसलेले. तो बदलून दिला, गुंड्या लावून दिल्या. मग एकदम डोक्यात आलं. एक कुऱ्हाड सुटली. बाकीच्यांचं काय?

"टोळीला वर्षात किती दिल्यात?"

"चोवीस."

म्हणजे तेवीस अजून लोकांच्या हातात आहेत. वाळत आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला, टोळी कामावर निघायच्या आधी, मुकादमाच्या आवारात पोचलो. दोघंही. मी म्हटलं होतं, मी एकटी सांगते. हे नाही म्हणाले. नऊ दिवसांपूर्वी मी जिथे उभी राहून मिरवले, तिथेच हे उभे राहिले आणि हात पुढे केले. हात काय सांगायचं ते आपोआपच सांगत होते.

"पाण्यात मी टाकत होतो. सगळ्या. कुऱ्हाडी खाली ठेवा."

माणसं आपापल्या कुऱ्हाडीकडे बघायला लागली, आपल्याच हातात साप असल्यासारखी. मग एकेकाने वाकून खाली ठेवल्या. एकाने डोकं नुसतं हलवून बघितलं, ते हललं, आणि तो मटकन खाली बसला. काल दिवसभर त्याच्या समोर त्याचा पुतण्या काम करत होता म्हणे.

मुकादमाच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. म्हणाला, "भाऊ, अठ्ठावीस वर्षं आम्ही तुमच्या दांड्याला हात लावून बघितलं नाही. गरजच नव्हती." ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मी मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या.

"धाकटा कुठाय?" मी विचारलं.

तो शुक्रवारीच गेला. कुठे ते सांगितलं नाही. अंथरूण-पांघरूण नेलं नाही, डबा नेला नाही. पेटीतली एक कुऱ्हाड तेवढी घेऊन गेला, ह्याच चोवीसांतली, नव्या कोऱ्या दांड्याची. मुकादम म्हणाला, "मी म्हटलं, नीट जप. तर म्हणाला, पाणी दाखवणार नाही तिला, घाबरू नका."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

थोरल्याच्या घरी गेलो. तो कालच दवाखान्यातून आलाय, पाय उशांवर. ह्यांनी सांगितलं. थोरला छताकडे बघत राहिला. त्याची बायको ओट्याला धरून उभी होती, तिने तिथूनच विचारलं, "मग तो खरं बोलत होता?"

"हो," हे म्हणाले.

"पहिल्यापासून?"

"हो."

मला वाटलं, थोरल्याला उठता येत असतं तर त्याने ह्यांचा गळा धरला असता, आणि मी आड आले नसते. पण तो म्हणाला, "मी त्याला म्हटलं, तू माझ्यासाठी मेलास." एवढंच. गुडघ्याचं नाव त्याने काढलं नाही.

धाकट्याचा फोन बंद आहे. मी दिवसभर लावतेय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवसांच्या वाटेवर डोंगरात लाकडाचा डेपो आहे. मुकादमाला कोणीतरी सांगितलं, तो तिथे फांद्या तोडायच्या कामाला लागलाय. तिथे फोन लागत नाही. खाली नाक्यावरच्या दुकानदाराकडे निरोप ठेवलाय, तो आला की घरी फोन करायला सांगा, आणि कुऱ्हाड हातात घेऊ नको म्हणावं. दुकानदार म्हणाला, सांगतो, पण ते लोक आठवड्याने उतरतात. मुकादमाने गाडीने माणूस पाठवलाय. पोचेल तेव्हा खरं.

बावीसच्या बावीस उघडल्या मी, बाहेरच्या गिऱ्हाइकांच्याही परत मागवल्यात. सगळी टोकं काळी. हे स्टुलावर बसून सांगतात आणि मी ठोकते. पहिल्या दिवशी अंगठा सुजवून घेतला. काल म्हणाले, घाव सरळ पडतोय. मी म्हटलं, मला शाबासकी नको. खरं तर मी जितक्या वेळा हातोडा उचलते तितक्या वेळा डोंगरातला तो पोरगा दिसतो, दिवसाला हजार घाव घालणारा. त्याच्या आसपास कोण उभं असेल, कोणाच्या किती पावलांवर, हेच डोक्यात भुंग्यासारखं फिरतं. जेवणावर वासना नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोन आला.

आम्ही थोरल्याकडेच होतो. हल्ली रोज जाऊन बसतो, कोणी बसा म्हणत नाही आणि कोणी जा म्हणत नाही. त्याच्या बायकोचा फोन वाजला, अनोळखी नंबर. तिने उचलला आणि माझ्या हातात दिला. मी सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि बोल म्हटलं.

"काकू? मुकादमाचा माणूस आलाय इथे. टेकाडावर चढल्यावर रेंज मिळाली, त्याच्या फोनवरून बोलतोय. म्हणतो, तुम्हाला बोलायचंय."

मी एका दमात सांगितलं. काकांचे हात, बादली, चोवीस कुऱ्हाडी. तू खरा होतास. मी लोकांत तुझं हसं केलं, माझी चूक झाली, मोठी चूक झाली. आणि आता तुझ्याजवळची कुऱ्हाड अजिबात उचलू नको.

पलीकडे नुसता वारा. फोन तुटला असं वाटलं.

"काकू, परवा तिचं डोकं सैल लागायला लागलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग पाण्यात टाकली. रात्रभर." जरासा हसला तो. ते हसणं मला आवडलं नाही. "जन्मात पहिल्यांदा टाकली. म्हटलं, सगळे म्हणतातच मी टाकतो, तर टाकून बघू. आज मस्त घट्ट बसलीय. सकाळपासून चालवतोय."

हे उठून उभे राहिले आणि परत खाली बसले. थोरल्याने पलंगावरून हात पुढे केला. मी फोन दिला.

"ठेव ती खाली," थोरला म्हणाला.

"दादा?"

"आधी खाली ठेव."

काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, लाकडाचा. मग पाचोळ्यात पावलं वाजली, लांब जाणारी.

"ठेवलीस?"

"ठेवली."

थोरला फोन दोन्ही हातांनी धरून बसला होता. बायकोने खूण केली, ये म्हणा घरी. त्याने मान हलवली, तोंड उघडलं, आणि परत तेच विचारलं, "ठेवलीस ना?"